बेशुद्ध पडण्याची तालीम

माणसं पहिल्या भेटीत विचारतात, गाव कोणतं, आडनाव काय, इथे किती वर्षं झाली. दिगंबर पेंढारकरांनी मला पहिल्या भेटीत विचारलं, "आल्झो, तू बेशुद्ध पडलीस तर सही कोणाची?"

मला तेव्हा जर्मनीत, गेर्लिंगेनला येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. हातात कचऱ्याची पिशवी होती आणि कुठला कचरा कुठल्या रंगाच्या डब्यात टाकायचा या विवंचनेत मी जिन्याखाली उभी होते. समोर साठीचा एक गृहस्थ, पायात मोजे आणि मोज्यांवर सँडल, बगलेत निळी फाईल. मराठी ऐकून जीव भांड्यात पडायच्या आत हा प्रश्न आला. मी म्हटलं, "काका, मी का बेशुद्ध पडू?" तर म्हणे, "ते मला नाही माहीत. पडलीस तर काय ते विचारतोय. पिवळा डबा प्लॅस्टिकचा."

हे आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. सुधाकाकू आणि ते. मुलगी नीना हॅम्बुर्गला, तिच्याशी हे फोनवर मराठीत बोलायचे आणि ती जर्मनमध्ये उत्तरं द्यायची. दोघांचंही कधी काही अडलं नाही. काकांच्या मराठीत मात्र आल्झो, म्हणजे जर्मनमधलं 'तर मग', कायमचं मुक्कामाला होतं. काका सत्तरच्या दशकात चिपळूणहून इकडे आले आणि तीसेक वर्षं त्यांनी कारचे ब्रेक मोडण्याची नोकरी केली. खरंच. टेस्ट बेंचवर पार्ट लावायचा, तो मोडेपर्यंत राबवायचा आणि मोडला की वहीत लिहायचं. एवढी वर्षं असलं काम केलेला माणूस जगाकडे दुसऱ्या नजरेनं कसा बघणार? "प्रत्येक पार्ट मोडतो," ते म्हणायचे. "चांगला मोडतो, वाईट मोडतो. प्रश्न एवढाच की मोडल्यावर गाडी कोण थांबवणार."

रिटायर झाल्यावर मोडायला पार्ट उरले नाहीत, म्हणून ते माणसांच्या मागे लागले.

त्या निळ्या फाईलमध्ये तीन कागद असत. पहिल्याचं नाव फोरझोर्गेफोलमाख्ट. हे नाव नीट उच्चारता उच्चारताच माणूस बेशुद्ध पडावा, पण अर्थ साधा: मला बोलता येईनासं झालं तर माझ्या वतीनं कोण बोलणार. दुसऱ्याचं नाव त्याहून लांब, ते मी लिहीत नाही. त्यात लिहायचं की डॉक्टरांनी माझं काय करावं आणि मुख्य म्हणजे काय करू नये. आणि तिसरं मृत्युपत्र. गणपतीच्या आरतीला, बारशाला, कोणाच्या पन्नाशीला, जिथे चार मराठी डोकी जमतील तिथे काका ही फाईल घेऊन हजर. आमच्यातली पोरं त्यांना चित्रगुप्ताचे जर्मनीतले एजंट म्हणायची. ते काकांच्या कानावर गेलं होतं. "कमिशन मिळत नाही रे," एवढंच म्हणाले.

आम्ही नवीन घरी वास्तुशांत घातली तेव्हाची गोष्ट. घर तेच, त्याच बिल्डिंगमधलं, फक्त भाड्याचं होतं ते बँकेचं कर्ज काढून आमचं झालं. माझ्या सासूबाई खास पुण्याहून आलेल्या. पाहुण्यांपैकी कोणी चांदीची वाटी आणली, कोणी घड्याळ. काकांनी आणले सहा कोरे आखीव कागद आणि एक पेन. पूजेला बसलेल्या मिलिंदच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, मांडीवर ते ठेवून म्हणाले, "घर झालं. म्हणजे भांडायला काहीतरी झालं. आता लिहून टाक."

सासूबाईंच्या हातातली पळी तिथेच थांबली. "शुभ बोल नाऱ्या तर म्हणे मांडवाला आग लागली!" त्या अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "अहो, भटजी अजून उठले नाहीत."

"भटजींनी केलंय का?" काकांनी विचारलं.

भटजी म्हणजे कार्ल्सरूहेला पीएचडी करणारा एक मुलगा, सोवळं नेसलेला. तो घाबरून नाही म्हणाला. काकांनी त्यालाही एक कागद दिला.

पुढचे दोन दिवस सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा चालू होता. असली माणसं घरात घेता कशाला, याची बायको कशी सहन करते, वगैरे. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर या स्वयंपाकघरात टेबलाशी, समोर काका, दोघांच्या मध्ये चिवड्याची बशी. सासूबाई हळू आवाजात विचारत होत्या, "भावजी, समजा पाटल्या थोरलीला आणि तन्मणी धाकटीला असं लिहिलं, आणि धाकटी म्हणाली की मला पाटल्याच हव्या होत्या, तर?" काका म्हणाले, "तर तुम्ही मेलेल्या असाल, वहिनी. तुम्हाला ऐकू येणार नाही." सासूबाईंना हे एवढं पटलं की त्या पोट धरून हसायला लागल्या. त्यांनी त्याच टेबलावर बसून सगळं लिहून काढलं, आणि माझ्या वाट्याला ठुशी लिहिली आहे हे मला मुद्दाम सांगितलंही नाही. ते मला काकांनी सांगितलं. गुप्तता हा त्यांचा प्रांत नव्हता.

काकांच्या कर्तबगारीचा कळस म्हणजे तो किंडरगार्टनचा वर्ग.

इथल्या कायद्यात मृत्युपत्र वकिलाकडे न जाता घरी लिहिता येतं. अट एकच: अथपासून इतिपर्यंत ते स्वतःच्या हातानं लिहिलेलं हवं. टाईप करून खाली सही ठोकली तर तो कागद कायद्यापुढे कोरा. आता आमची जमात कोणती? सगळे सॉफ्टवेअरवाले. बारावीनंतर हातात पेन धरलं असेल तर ते सही करायला. एश्बॉर्नचा देशपांडे म्हणून एक कन्सल्टंट होता. त्यानं काकांच्या धाकानं मृत्युपत्र करून आणलं. अनुक्रमणिका, तक्ते, पानाखाली व्हर्जन वन पॉइंट थ्री, सगळं रंगीत. मोठ्या अभिमानानं पुढे केलं.

"हे तू लिहिलंस?"

"हो काका, दोन वीकेंड घालवले."

"हे तुझ्या प्रिंटरनं लिहिलंय. प्रिंटर मेला की उपयोगी पडेल." आणि त्यांनी ते देशपांडेच्या डोळ्यांदेखत उभं फाडलं.

मग त्यांनी ठरवलं की या पोरांना बसवून लिहून घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. रविवारी दुपारी आमच्या मराठी मंडळासाठी किंडरगार्टनचा हॉल मिळायचा. तिथल्या खुर्च्या चार वर्षांच्या मुलांच्या मापाच्या. त्यांवर गुडघे कानाशी घेऊन अकरा इंजिनिअर बसले, त्यात मी आणि मिलिंद. काकांनी फळ्यावर नमुना लिहिला. जर्मनमध्येच, ठसठशीत अक्षरात: मी, दिगंबर पेंढारकर, माझ्या पश्चात माझं सर्व काही माझी पत्नी सुधा हिला देतो. खाली गाव, तारीख, सही. "आल्झो, करा सुरुवात. मान खाली. कोणी कोणाचं बघायचं नाही."

अर्धा तास नुसती पेनांची कुरकुर. कोणाचा हात दुखत होता, कोणी जीभ बाहेर काढून लिहीत होतं. काकांनी वह्या गोळा केल्यासारखे कागद गोळा केले आणि वाचायला लागले. पहिला वाचला, दुसरा वाचला, चष्मा काढून पुसला, तिसरा वाचला. मग खुर्चीवर बसले. ती खुर्चीही चार वर्षांच्या मुलाच्याच मापाची होती, त्यामुळे ते जवळजवळ दिसेनासे झाले.

अकरापैकी नऊ जणांनी फळा जसाच्या तसा उतरवून काढला होता. नावासकट. आपली शाळेपासूनची सवय ती. फळ्यावर आहे म्हणजे उतरवायचं, डोकं मध्ये आणायचं नाही. नऊ माणसांनी स्वतःच्या हस्ताक्षरात, पूर्ण शुद्धीवर, आपण दिगंबर पेंढारकर असल्याचं लिहून दिलं होतं आणि आपलं सर्व काही सुधाकाकूंच्या नावे केलं होतं. त्या नऊ जणांत मी होते हे इथे कबूल केलेलं बरं. बाईमाणूस असून मी माझी पत्नी सुधा हिला घर दिलं.

सुधाकाकू तेव्हा मागच्या बाजूला बटाटेवड्यांचा डबा उघडत होत्या. त्यांना काय झालं ते कळल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "देशपांडेची ती मोठी गाडी पण आली का त्यात?"

आता सुधाकाकूंबद्दल सांगायला हवं, कारण काकांचं सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं.

काकू म्हणजे काही टाकून न देणारी बाई. दह्याचे रिकामे डबे, भेटवस्तूंचे कागद, नीनाचे बालवाडीतले बूट. तळघरातल्या त्यांच्या खोलीत माणूस आडवा होऊन आत जायचा. आणि काकांनी आपल्या पहिल्या कागदावर, म्हणजे मला बोलता येईनासं झालं तर कोण बोलणार या कागदावर, काकूंचं नाव लिहिलं होतं. दुसऱ्या कागदावर लिहिलं होतं: उठण्याची आशा नसेल तर यंत्र नको, नळी नको, काही नको. म्हणजे वेळ आलीच तर डॉक्टरसमोर उभं राहून "नको" म्हणायचं काम काकूंचं. ज्या बाईच्यानं दह्याचा डबा टाकवत नाही तिच्या हातून नवरा सुटणार कसा, ही काकांची खरी काळजी. बाकीच्यांना ते फाईल दाखवत हिंडत होते ते ठीक, पण त्यांची झोप या एका गोष्टीनं उडाली होती.

त्यामागे एक कारण होतं. ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि तेव्हा एकही आल्झो मध्ये आला नाही. त्यांच्याच डिपार्टमेंटमधला एक मित्र, मराठीच, डोक्यात रक्तस्राव होऊन पडला. त्याची बायको हॉस्पिटलात गेली आणि हे करा, ते करू नका असं सांगायला लागली. डॉक्टर म्हणाले, बाई, तुमच्याकडे कागद आहे का? ती म्हणाली, मी बायको आहे. ते म्हणाले, ते कळलं, पण कागद? आपल्याला वाटतं सात पावलं चाललो की सगळ्याचा हक्क आला. इथे त्या सात पावलांची पावती त्या कामाला चालायची नाही. कोर्टानं एक वकील नेमला, तो ठरवणार. वकील भला माणूस होता, काका म्हणाले. पण ती पाच महिने रोज नवऱ्याशेजारी बसायची आणि नवऱ्याचं काय करायचं हे परक्या माणसाला फोन करून विचारायची. "आणि आम्ही सगळे इंजिनिअर," काका म्हणाले, "आणि एकालाही हे माहीत नव्हतं." मग ते उठून निष्कारण खिडकी पुसायला लागले.

तर, तालमी.

रविवारी चार वाजता वर बोलावणं यायचं. काका सोफ्यावर उताणे, डोळे मिटलेले, तोंड उघडं, जीभ एका बाजूला. मी डॉक्टर, मिलिंदचा पांढरा शर्ट उलटा घालून. आणि काकू म्हणजे काकूच. मी म्हणायचं, "फ्राउ पेंढारकर, तुमच्या यजमानांना आता शुद्ध येणार नाही. नळी घालू का?"

पहिल्या रविवारी काकू म्हणाल्या, "घाला की, त्यात काय."

"नापास!" सोफ्यावरून आवाज.

"अहो, तुम्ही बेशुद्ध आहात. बोलू नका मध्ये."

दुसऱ्या रविवारी म्हणाल्या, "आधी त्यांना काही खायला द्या, सकाळपासून पोटात काही नाही." तिसऱ्या रविवारी म्हणाल्या, "तुम्ही मोठ्या डॉक्टरांना विचारा ना, तुम्ही फार लहान दिसता." हे मला लागलं. चौथ्या रविवारी त्या "दोन दिवस बघू" म्हणाल्या, आणि काका सोफ्यावरून उठून घरभर येरझाऱ्या घालायला लागले. "सुधा, मी मेलोय! निदान मेलेल्या माणसाचं तरी ऐक!"

"जिवंतपणी एवढं ऐकलं, तेवढं पुरे नाही झालं?"

"तू मला लटकवून ठेवणार. दह्याच्या डब्यासारखं. उपयोगी पडेल म्हणून."

"पडलात कधी उपयोगी?" काकू म्हणाल्या, आणि मग एकदम पदर तोंडाला लावून आत गेल्या. त्यांना खरंच रडू आलं होतं. काका सोफ्याच्या कडेला टेकले. मला म्हणाले, "तिला वाटतं मला मरायची घाई आहे. मला नाही गं. तिला त्या वकिलाच्या जागी एकटी उभी करतोय मी, तेवढं तरी तिच्या अंगवळणी पडावं." मग उठून आत गेले आणि काकूंसाठी स्वतः कॉफी केली. फार वाईट कॉफी करायचे.

या तालमी तीन-साडेतीन वर्षं अधूनमधून चालल्या. काकू एकदाही पास झाल्या नाहीत.

मग एका नोव्हेंबरात सकाळी नाश्त्याला बसल्या बसल्या काकांच्या हातातून चमचा पडला आणि तोंड वाकडं झालं. काकूंनी ॲम्ब्युलन्स बोलावली, मग मला हाक मारली. त्यांचं जर्मन रोजच्याला उत्तम, पण घाबरल्या की सगळं पळून जायचं.

चार दिवसांनी हॉस्पिटलातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला खाटेजवळ बोलावलं. उजवी बाजू गेलेली, गिळता येत नाही, बोलता येत नाही, बरेचसे झोपेतच. पुढे कितपत सुधारेल सांगता येत नाही. पोटात नळी घालून अन्न द्यायचं का? तुमच्याकडे कागद आहेत असं कळलं.

काकूंनी निळी फाईल उराशी धरली होती. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. मला खात्री होती की आता "दोन दिवस बघू" येणार. आणि काकू सरळ उभ्या राहिल्या, गळा साफ केला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "नाइन. काइन श्लाउख." नळी नको. "माझ्या नवऱ्यानं लिहून ठेवलंय आणि मी त्याची बायको आहे आणि माझ्याकडे कागद आहे."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. काय बाई होती ती!

डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला, मान डोलावली. पण बाई पक्क्या होत्या. त्या काकांवर वाकल्या, त्यांचा डावा हात हातात घेतला आणि मोठ्यानं, सावकाश म्हणाल्या, "हेर पेंढारकर, तुम्ही लिहिलंय की नळी नको. आजही तसंच आहे का? हो असेल तर हात दाबा. नसेल तर मान हलवा."

काकांनी डोळे उघडले. आधी डॉक्टरकडे पाहिलं, मग काकूंकडे. आणि मान हलवली.

बाईंनी परत विचारलं. परत हलवली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी एवढ्या जोरात हलवली की उशी सरकली.

"अहो!" काकू ओरडल्या. "अहो, काय चालवलंय काय तुम्ही? तीन वर्षं माझा जीव खाल्लात! नापास, नापास करून! आणि आता?" आणि त्यांनी ती फाईल काकांच्या मांडीवर आपटली. त्या वाकड्या तोंडातून जो आवाज आला तो हसण्याचा होता, मी शपथेवर सांगते. डॉक्टरीणबाईंना काय झालं ते कळेना. मी त्यांना म्हटलं, हे घरगुती आहे.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मात्र काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. "मी नको म्हटलं गं," त्या म्हणाल्या. "एवढ्या मोठ्यानं. आणि त्यांना हवं होतं. बाईनं विचारलं नसतं तर?" मी त्यांना मशीनमधून चहा आणून दिला. तो त्यांनी प्यायला नाही.

काका बरे झाले. पूर्ण नाही, पण नळी सहा आठवड्यांत निघाली, जिभेला वळण आलं आणि श्रीखंडही सुरू झालं, मधुमेह असून तीन वाट्या. डाव्या हातात काठी घेऊन घरात फिरायला लागले. मंडळाच्या पोरांनी त्यांना सोडलं नाही. देशपांडे मुद्दाम एश्बॉर्नहून भेटायला आला आणि म्हणाला, "काका, तुमचं व्हर्जन टू पॉइंट झीरो आलं म्हणे?" काका जीभ जड असूनही म्हणाले, "कागद... लिहिला तेव्हा... मी सोफ्यावर होतो. खाटेवरून... वेगळं दिसतं."

मी एकदा एकटी असताना त्यांना विचारलं, काका, खरंच काय झालं हो तुम्हाला त्या दिवशी? त्यांनी काठी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "भीती वाटली. आणि ती... इतकं छान बोलली. वाटलं, हिच्याबरोबर... अजून थोडं राहू."

तो नळी नको असं लिहिलेला कागद त्यांनी काकूंकडून फाडून घेतला. काकू म्हणाल्या, ठीक आहे, आता नवा लिहा. काय हवं, काय नको, स्पष्ट लिहा, पुन्हा मला तोंडघशी पाडू नका. काका नाही म्हणाले. ज्या माणसानं भटजीलासुद्धा कोरा कागद दिला तो माणूस स्वतः लिहायला तयार होईना. काकू रडल्या, भांडल्या, दोन दिवस अबोला धरला. नीनाला फोन लावून दिला. ती पलीकडून जर्मनमध्ये बापाला रागावली. काकांचं एकच: "पहिला कागद आहे ना. त्यावर सुधाचं नाव आहे. बास."

"अहो, पण मी ठरवायचं कशावरून?" काकूंनी विचारलं.

"मला विचार," काका म्हणाले.

"आणि तुम्ही बेशुद्ध असलात तर?"

"तरी विचार."

काकूंनी कपाळाला हात लावला. माणूस कामातून गेला, त्या मला म्हणाल्या, मेंदूवरच परिणाम झालाय.

असे चौदा महिने गेले. त्या चौदा महिन्यांत काकूंचा राग कधी पूर्ण गेला नाही आणि त्या कधी इतक्या खुशीत दिसल्याही नव्हत्या. दुपारी त्यांच्या घरातून भांडणाचा आवाज यायचा आणि मला खाली बरं वाटायचं.

दुसरा झटका मोठा होता. फेब्रुवारीतली दुपार, बाहेर लख्ख ऊन. आम्ही पोचलो तेव्हा ते यंत्रावर होते. या खेपेला डॉक्टर वेगळा, तरणा, दमलेला. त्यानं काकूंच्या हातातला एकुलता एक कागद वाचला आणि म्हणाला, म्हणजे तुम्ही सांगायचं. काकूंनी विचारलं, उठतील का? तो खाली न बघता म्हणाला, नाही. मला त्याचं कौतुक वाटलं. नीना हॅम्बुर्गहून निघाली होती, संध्याकाळपर्यंत पोचणार होती. काकू तिच्याशी फोनवर दोनच वाक्यं बोलल्या, या वेळी जर्मनमध्ये, आणि फोन माझ्याकडे दिला.

मग त्यांनी खुर्ची ओढली आणि खाटेला अगदी चिकटून बसल्या. काकांचा डावा हात हातात घेतला.

"अहो," त्या म्हणाल्या. "विचारतेय हं. नीट ऐका. पुरे का आता?"

काही नाही.

"हवं असेल अजून तर मान हलवा. मागच्यासारखी. मी थांबते."

आणि त्या खरंच थांबल्या. डॉक्टर दाराशी उभा होता, तोही थांबला. बाहेरून जेवणाच्या ताटल्यांची गाडी खडखडत गेली आणि परत आली. काकू त्यांच्या चेहऱ्यावरची नजर काढत नव्हत्या. मी मनात म्हणत होते, हलवा हो काका, एकदा हलवा, वाटेल ते करा, पण हिला फसवा पुन्हा एकदा.

"दिगंबर," काकू म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. "हलवा ना."

मान हलली नाही.

काकूंनी आणखी थोडा वेळ जाऊ दिला. मग त्या डॉक्टरकडे वळून हळूच म्हणाल्या, "गेनूग." पुरे. तो मान लववून आत आला.

काकू उठल्या, पायाशी गेल्या आणि काकांच्या पावलांवरचं पांघरूण वर सारलं. पाय झाकले की यांना झोप लागत नाही, त्या डॉक्टरला मराठीत म्हणाल्या. दोन्ही पावलं उघडी झाली, मोज्याशिवायची. मी ती कधी पाहिलीच नव्हती. गोरी, लहान मुलाची असावीत तशी मऊ दिसत होती. त्यांचं मला दिसलेलं शेवटचं तेवढंच, कारण काकूंनी मला दाराकडे वळवलं.

"तू घरी जा," त्या म्हणाल्या. "किल्ली आहे ना तुझ्याकडे? कुकर लाव. नीना आली की सरळ इकडे पाठव, ती प्रवासात खाते काहीतरी. यांचं झालं की मी येते."

मी विचारलं, "काकू, भात किती लावू?"

"अर्धी वाटी लाव," काकू म्हणाल्या. "आता कोण आहे खायला."